शनवार तेल्यांचा इतिहास कुठल्या तासाला शिकवायचा?



पत्रिकेवर विषय छापलाय, ‘पदवीच्या वर्गात ज्यू इतिहास आणि संस्कृती’. वाचून काहींच्या मनात आलं असेल, की नगरला या विषयाचं काय काम? (सरकारदरबारी आता अहिल्यानगर, पण एसटीत चढताना आपण अजून ‘नगर, नगर’ असंच ओरडतो, म्हणून आज तेवढी मुभा द्या.) आम्हालाही बरीच वर्षं असंच वाटत होतं. बी.ए.च्या वर्गांना इतिहास शिकवण्यात आमचा जन्म गेला. ज्यू हा शब्द त्यात दोनदा यायचा. एकदा हिटलरच्या प्रकरणात, मारले गेलेले लोक म्हणून. आणि एकदा 1948 च्या प्रकरणात, लढणारे लोक म्हणून. मधली दोन-अडीच हजार वर्षं हे लोक काय खात होते, कुठल्या भाषेत भांडत होते, मुलांची नावं काय ठेवत होते, यावर एक ओळ नाही. आम्हीही ती कधी घातली नाही.

त्याचं फळ आम्हाला एका वर्षी उत्तरपत्रिकेत मिळालं. प्रश्न साधा होता, नाझी राजवटीचं स्वरूप सांगा. एका मुलानं, हुशार मुलगा, अक्षर मोत्यासारखं, दोन पानं लिहिली होती आणि शेवटी म्हटलं होतं, की आपल्या देशालाही असा एक शिस्तीचा नेता हवा. आम्ही चिडलो, मग त्याला बोलावलं. तो घाबरला नाही. म्हणाला, सर, स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर त्याचं आत्मचरित्र मराठीत मिळतं, घरात सगळ्यांनी वाचलंय. आम्ही विचारलं, मारलेले लोक कोण होते? तो म्हणाला, ज्यू. म्हणजे कोण? त्यावर तो गप्प. ते गप्प राहणं आमचं होतं, त्याचं नव्हतं. ज्याला आपण कधी पाहिलंच नाही, ज्याचं आडनाव आपल्याला ठाऊक नाही, त्याच्या मरणाचं कुणाला काय वाटणार?

तेव्हापासून आम्ही हा विषय उलट्या टोकानं शिकवायला घेतला. बर्लिनपासून नाही, नगरपासून.

नगरमध्ये काय आहे? दोन गोष्टी पटकन सांगतो. पहिली निजामशाहीतली. बुऱ्हाण निजामशहा पहिला, ज्याच्या राज्यात हे शहर भरभराटीला आलं, त्याच्या दरबारी एक पोर्तुगीज वैद्य येत-जात असे, गार्सिया द ओर्ता. आई-बाप स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू. पोर्तुगालमध्ये 1497 साली सगळ्यांना सक्तीनं ख्रिस्ती केलं, त्यात तेही. हा गडी 1534 साली हिंदुस्थानात आला. त्यानं इथल्या औषधांवर संवादाच्या रूपात जो ग्रंथ लिहिला तो गोव्यात 1563 साली छापला, आणि त्यात आपल्या निजामशहाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. ओर्ता 1568 ला वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गोव्याच्या धर्मन्यायालयानं जिवंत जाळलं. 1580 साली ओर्ताचीही हाडं थडग्यातून उकरून काढून जाळली, का तर तो मनातून ज्यूच राहिला होता. आता इथं विद्यार्थ्याला थांबवायचं. हा माणूस ज्यू होता हे आपल्याला कशावरून कळतं? बरंचसं घरच्यांकडून धर्मन्यायालयानं धाकाखाली काढून घेतलेल्या जबान्यांवरून. अशा जबानीवर किती विश्वास ठेवायचा? हा प्रश्न पडला, की इतिहासाचा अभ्यास सुरू झाला समजा.

दुसरी गोष्ट 1939 ची. सप्टेंबरात महायुद्ध पेटलं आणि इंग्रज सरकारनं हिंदुस्थानातल्या जर्मन नागरिकांना पकडून नगरच्या छावणीत आणलं. पासपोर्ट जर्मन, म्हणून शत्रू. त्यात नाझी पक्षाचे लोक होते, आणि त्याच नाझींपासून जीव वाचवून मुंबईला पोचलेले ज्यू निर्वासितही होते. दोघं एकाच तारेच्या कुंपणात. निर्वासितांपैकी बऱ्याच जणांना पुढे चौकशी होऊन सोडलं. आपण शाळेच्या सहलीला किल्ल्यात जातो, नेहरूंची खोली बघतो, ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथं लिहिलं म्हणून छाती फुगवतो. फुगवावीच. पण त्या कुंपणाबद्दल आमच्या ऐकण्यात कुठल्या मास्तरानं वर्गाला सांगितलेलं नाही.

आता या दोन गोष्टी पाहुण्यांच्या झाल्या. आले, राहिले, गेले. घरच्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि खरं बोलायचं आहे ते तिच्याबद्दल.

कोकणात, अलिबाग, रेवदंडा, पेण, चौल या पट्ट्यात तेल गाळणारे लोक राहत होते. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. मुलांची सुंता करत, खवले नसलेला मासा खात नसत, आणि ‘शमा’ ही हिब्रू प्रार्थना तेवढी त्यांच्या तोंडी होती. बोलत मराठी. बाकीचं मोठमोठ्या ग्रंथांचं सगळं विसरून गेलेले. यांनाच आपण बेने इस्राएल म्हणतो. आडनावं बघा: किहीमचे किहीमकर, राजपुरीचे राजपूरकर, दिव्याचे दिवेकर, चौलचे चेऊलकर, पेणचे पेणकर. हिंदी सिनेमातले डेव्हिड काका तुम्हाला आठवत असतील, ते चेऊलकरच. आणि वरचं चौल ओर्ताच्या काळी कुणाच्या मुलखात होतं? आपल्या निजामशहाच्या. 1521 साली पोर्तुगीजांना खाली रेवदंड्याला किल्ला बांधायची परवानगी त्यानंच दिली. म्हणजे नगरची प्रजाच की!

या समाजाचा पहिला मोठा इतिहास लिहिला त्यांच्यातल्याच एकानं, हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी. पुस्तक इंग्रजीत आहे, ‘द हिस्टरी ऑफ द बेने इस्राएल ऑफ इंडिया’. हस्तलिखित 1897 चं, पण छापलं गेलं 1937 साली, तेही तेल अवीवमध्ये. तोवर लेखकाला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती. हे पुस्तक आम्ही बी.ए.च्या पोरांबरोबर ओळीनं वाचलं. वर्गाबाहेर, रविवारी, सात-आठ जण. त्याबद्दल आमचं मत सांगतो, ते सरसकट कौतुकाचं नाही.

पुस्तकाचा पाया एका कथेवर आहे. फार पूर्वी एक गलबत नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं. सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं नवगावला पुरली. हे ऐकताच आमच्यातला एक जण म्हणाला, सर, ही तर चित्पावनांची गोष्ट! खरंच आहे. परशुरामानं समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेतं जिवंत केली ही कथा त्याच किनाऱ्यावरची, आणि सात नि सात चौदाच होतात. किहीमकरांना ही जवळीक अडचणीची वाटत नाही. त्यांना हवी आहे तारीख. ती ते अशी काढतात: आमच्या लोकांत हनुक्का हा सण नव्हता, हनुक्का सुरू झाला मक्काबींच्या बंडानंतर, म्हणजे आमचे पूर्वज त्याआधी, इसवीसनपूर्व 175 च्या सुमारास निघाले असणार. युक्तिवाद देखणा आहे, पण पोकळ. एखादा सण नाही याची कारणं पन्नास असू शकतात. जे लोक ग्रंथ, भाषा, प्रार्थना विसरले, ते एक सण विसरले नसतील कशावरून? लेखी पुराव्याचं म्हणाल, तर 1738 साली सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्यानं पत्रात यांचा उल्लेख केला, तिथपासून जमीन घट्ट लागते. तसंच डेव्हिड रहाबीचं. विसरलेला धर्म पुन्हा शिकवणारा हा गुरू परंपरेनं शेकडो वर्षं मागं नेलाय. कागदोपत्री रहाबी घराणं सापडतं ते 18 व्या शतकातल्या कोचीनला.

मग पुस्तक टाकून द्यायचं? मुळीच नाही. किहीमकर जिथं वाद घालायचं थांबतात आणि नुसतं घरातलं सांगायला लागतात, तिथं हा माणूस सोनं देऊन जातो. सणांची नावं बघा. रोश हशाना हा वर्षारंभ, त्याला नव्याचा सण. पुरीमला होळीचा सण, कारण दोन्ही आसपास येतात. योम किप्पूरला दारफाळणीचा सण, म्हणजे दारं लावून घरात उपाशी बसायचं. आणि दुसरा दिवस शिळा सण. मंदिराच्या नाशाचा जो शोकाचा उपास, तो बिरड्याचा रोजा, कारण त्या दिवशी बिरडं खायचं. आम्ही घाटावरची माणसं. आमच्यातल्या बहुतेकांना बिरडं म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. एका मुलीची मावशी पेणला, ती म्हणाली, अहो वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे, त्याची उसळ. तिनं हातानं सोलून दाखवल्यासारखं केलं. परदेशी अभ्यासकाला ज्याला तळटीप लागते ते या पोरीच्या बोटांत होतं.

आणि सगळ्यात सुंदर, वल्हांडणाचा. ज्यू लोक इजिप्तच्या गुलामीतून निघाले त्याची ही आठवण. त्या आठवड्यात आंबवलेलं काही घरात ठेवायचं नाही. कोकणात त्याचं नाव ‘अनाशी ढाकायचा सण’. अनास म्हणजे आंबट पाण्याचं भांडं, ते त्या दिवसांत झाकून ठेवायचं. मोशे विसरले, फारो विसरले, समुद्र दुभंगल्याची कथा विसरले. पण आंबटाचं भांडं झाकायचं हे बायकांच्या हातांनी धरून ठेवलं. कथा नाही आणि कृती आहे. हे वाक्य आम्ही फळ्यावर लिहिलं आणि दीड तास त्यावर बोलत बसलो. आपल्या घरात अशा कुठल्या कृती आहेत ज्यांची कथा हरवलीय? पोरांनी यादी केली. आमची आई कोयता उंबऱ्यावर का ठेवायची, इथपर्यंत गाडी गेली.

किहीमकरांचा मोठा दोष आता सांगायला हवा. त्यांच्या समाजात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन भाग होते. काळे म्हणजे ज्यांच्या वंशात बाहेरच्या, बिगर-इस्राएल बाईची मिसळ आहे असं धरलं जायचं. लग्नव्यवहार बंद. किहीमकर हे सांगतात, आणि सांगताना गोऱ्यांच्या ओसरीवर बसून सांगतात. काळ्यांच्या बाजूचा एक आवाज त्या पुस्तकात नाही. हे सोयीस्कर गप्प बसणं आहे. आणि हेच गृहस्थ बगदादी ज्यूंनी आपल्या लोकांना कमी लेखलं म्हणून कळवळतात! कळवळणं खोटं नव्हतं. 1836 साली मुंबईत बगदादी पुढाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला होता, की दफनभूमीत आमच्यात आणि यांच्यात भिंत घाला. मेल्यावरसुद्धा भिंत. नगर जिल्ह्यातल्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही. गावाची स्मशानं किती, कुणाची कुठं, हे त्याला पाठ असतं. आमच्या रविवारच्या बैठकीत या पानाशी आल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

तरी किहीमकरांना न्याय द्यायचा तर हेही बघा, की वंश सिद्ध करायची त्यांची धडपड रिकामटेकडी नव्हती. पुढे हे लोक इस्रायलला गेले, आणि 1962 साली तिथल्या मुख्य धर्मपीठानं फर्मान काढलं, की यांचं लग्न लावण्याआधी पूर्वजांची चौकशी करा. माणसं रस्त्यावर उतरली. 1964 साली तिथल्या संसदेला सांगावं लागलं, की बेने इस्राएल सर्वार्थानं ज्यू आहेत. किहीमकर ज्या प्रश्नाला घाबरून तारखा जुळवत होते तो प्रश्न पासष्ट वर्षांनी त्यांच्या नातवंडांच्या दारात उभा राहिला. पुस्तकातला पोकळ युक्तिवाद पोकळच; पण त्यामागची भीती खरी.

किहीमकरांपेक्षा आम्हाला राग येतो तो नंतरच्या लेखनाचा, विशेषतः आपल्या वर्तमानपत्री पुरवण्यांतल्या. ‘बायका नऊवारी नेसतात, मंगळसूत्र घालतात, पाहा कशा आपल्यासारख्याच!’ झालं, लेख संपला. आपल्यासारखे आहेत म्हणून गोड, एवढंच. त्याचा पुढचा अवतार म्हणजे ‘हिंदू संस्कृतीचा प्रभाव’. प्रभाव हा शब्द आम्ही वर्गात बंद केलाय. प्रभाव काय पावसासारखा पडतो? कीर्तनाचं उदाहरण घ्या. 1880 च्या सुमारास मुंबईतल्या बेने इस्राएल मंडळींनी ठरवून, मंडळ काढून, कीर्तन सुरू केलं. आख्यान अब्राहामाचं, योसेफाचं, एस्तेरचं; पण ओवी, साकी, दिंडी, पूर्वरंग-उत्तररंग सगळं आपलं. का? तर ज्यांना हिब्रू येत नाही त्यांना पूर्वजांची कथा कळावी म्हणून. विसरलेली कथा परत मिळवायला त्यांनी हातात असलेलं सर्वांत धारदार हत्यार उचललं. याला प्रभाव म्हणणं म्हणजे उचलणाऱ्याचा हातच नाकारणं.

आणि ही कथा परत आली कुठून, तिथं पुन्हा नगरची वाट लागते. अमेरिकन मराठी मिशन! मुंबईत आणि कोकणपट्टीत यांनी शाळा काढल्या, तिथं बेने इस्राएल मुलं शिकली, पुढे मास्तरही झाली. पाठोपाठ जॉन विल्सन. त्यांनी हिब्रूचं व्याकरण मराठीतून करून दिलं. हेच मिशन 1831 मध्ये नगरला आलं, आणि 1842 ला इथून ‘ज्ञानोदय’ निघालं. मिशनऱ्यांना वाटत होतं, बायबल वाचून हे लोक ख्रिस्ती होतील. त्यांनी बायबल मराठीतून वाचलं आणि ते जास्त पक्के ज्यू झाले! आमच्या रविवारच्या टोळीत राहुरीकडचा एक ख्रिस्ती मुलगा होता. योसेफाला भावांनी विहिरीत टाकलं ते आख्यान आलं, तेव्हा बाकीचे पानं चाळत होते आणि हा तोंडपाठ सांगत होता. त्याच्या आजीनं सांगितलेली गोष्ट. तीन वर्षांत वर्गात त्यानं स्वतःहून तोंड उघडलेलं आम्ही पहिल्यांदा पाहिलं.

मग बी.ए.च्या पोरानं या विषयात करायचं काय? लोक म्हणतात, हिब्रू येत नाही, परदेशी जायला पैसे नाहीत, सोडून द्या. आमचं म्हणणं उलट आहे. या विषयाचं निम्मं साहित्य मराठीत पडलंय. जोसेफ इझिकेल राजपूरकर हे मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक. त्यांनी प्रार्थनेची पुस्तकं हिब्रूतून मराठीत आणली. 1874 साली पुण्यात वल्हांडणाच्या रात्री म्हणायचं हगादा हे पुस्तक शिळाछापावर निघालं, एका अंगाला हिब्रू, एका अंगाला मराठी, आणि चित्रांत बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बाया इथल्याच पेहरावात. नियतकालिकं निघाली. कीर्तनांच्या वह्या आहेत. इस्रायलला गेलेल्यांनी तिथं ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. अमेरिकेतला संशोधक हे वाचायला आधी चार वर्षं मराठी शिकतो. श्रीगोंद्याच्या पोराला ती आईकडून फुकट मिळालीय. साकी कानावर पडली की त्याला चाल लागते. त्याला उरतं ते हिब्रू अक्षरं शिकणं. बावीस आहेत. एका सुट्टीत येतात. आम्ही साठीत शिकलो, वाचताना अजून अडखळतो, पण शिकलो.

घाई मात्र आहे. 2011 च्या जनगणनेत देशभरात ज्यू पाच हजारांच्या आत भरले, त्यातले बरेच महाराष्ट्रात. 2016 साली राज्यानं त्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, ती चांगलीच गोष्ट; पण मान्यतेनं वह्या टिकत नाहीत. पुण्यात रास्ता पेठेत जा, तिथं 1921 चं बेने इस्राएलांचं प्रार्थनास्थळ आहे. लाल देऊळ सगळ्यांना माहीत, ते बगदाद्यांचं. हे गल्लीत आहे, विचारत जावं लागतं. अलिबागला जा. परवानगी घेऊन, डोकं झाकून जा. आणि गेल्या गेल्या ‘तुम्ही मूळचे कुठले’ हा प्रश्न कृपा करून विचारू नका. पाचशे लोकांनी विचारून झालाय. त्यापेक्षा घरात कोण कीर्तन करायचं ते विचारा.

त्या सुवाच्य अक्षराच्या मुलाचं काय झालं, असं मागं एकदा कुणी आम्हाला विचारलं. तो रविवारी दोनदा आला, मग आला नाही. पोलीस भरतीच्या मागे लागला. आमच्यामुळं त्याचं मत बदललं असं आम्ही सांगणार नाही. दुसऱ्यांदा आला होता तेव्हा दफनभूमीतल्या भिंतीचं पान चाललं होतं, आणि जाताना त्यानं विचारलं, सर, ती भिंत बांधली का हो मग? पेणच्या मावशीवाली मुलगी मात्र टिकली. तिनं ओर्ताच्या ग्रंथाचं 1913 चं इंग्रजी भाषांतर मिळवलंय, मार्कहॅमचं. निजामशहाच्या वैद्याला निजामशहाच्याच मुलखातले शनवार तेली कुठं दिसले का, हे ती पानापानांतून बघते आहे. आले, हिंग, आंबा, एवढं झालंय. परवा फोन आला होता, नारळावर पोचली होती.